ताऱ्याचे माती परीक्षण

संत्र्याच्या बागेतली माती तपासायला दिल्यावर प्रयोगशाळेत तिचे काय होते, हे वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या फार थोड्या बागायतदारांनी डोळ्यांनी पाहिले असेल. हाती येते ती जमीन आरोग्य पत्रिका आणि तिच्यावरचे आकडे. त्यातला पालाशचा आकडा सहसा ज्वालेतून येतो. माती अमोनियम अॅसिटेटच्या द्रावणात घुसळून गाळतात, गाळलेले द्रावण बारीक फवाऱ्यासारखे ज्वालेत सोडतात आणि ज्वालेतून निघणारा एक ठराविक रंग मोजतात. पोटॅशियम तापले की वर्णपटाच्या लाल टोकाला, ७६६.५ आणि ७६९.९ नॅनोमीटरवर, प्रकाश देते. प्रकाश जितका जास्त तितका पालाश जास्त. जस्त आणि लोह यांच्यासाठी बहुधा उलटी युक्ती वापरतात. दिव्याचा प्रकाश ज्वालेतून आरपार पाठवायचा आणि त्यातला किती गिळला गेला ते पाहायचे.

२०२१ मध्ये हेच पोटॅशियम एका विझलेल्या ताऱ्याच्या प्रकाशात सापडले. इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातील मार्क हॉलंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी थंड आणि म्हाताऱ्या अशा चार ताऱ्यांच्या वर्णपटात लिथियम पाहिले आणि त्यातल्या एकात पोटॅशियमही. हे तारे विझून ५ ते १० अब्ज वर्षे झाली आहेत. सोडियम आणि कॅल्शियमच्या तुलनेत या दोन मूलद्रव्यांचे प्रमाण पाहून संशोधकांनी निष्कर्ष काढला की, या ताऱ्यांवर एखाद्या ग्रहाच्या वरच्या कवचाचे तुकडे पडलेले आहेत. म्हणजे जिथे आपल्याला कधीच जाता येणार नाही अशा ग्रहाच्या कवचात काय होते, हे इथे बसून कळले.

प्रश्न असा की, कसे कळले? प्रयोगशाळेत पोटॅशियमचे प्रमाण आधीच माहीत असलेली द्रावणे बाटल्यांत भरलेली असतात. ती ज्वालेत सोडून यंत्र लावून घेतात आणि मगच शेतकऱ्याचा नमुना घालतात. ताऱ्यासाठी अशी बाटली कुठून आणणार? ती संगणकात तयार करावी लागते. ताऱ्याच्या वर्णरेषांचे प्रारूप बनवणारे सॉफ्टवेअर म्हणजे मुळात हीच प्रमाण-द्रावणाची बाटली. आजचा हा लेख या बाटलीबद्दल आहे आणि ती आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत का यावी याबद्दल.

आधी तारा. सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर फुगतो, बाहेरचे थर टाकून देतो आणि मागे त्याचा गाभा उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. आकाशगंगेतील ९५ टक्क्यांहून अधिक ताऱ्यांचा शेवट असाच आहे, आपल्या सूर्याचाही. सूर्याच्या साधारण ०.६ पट वस्तुमान पृथ्वीएवढ्या गोळ्यात दाबले तर जे होईल तो श्वेत बटू. त्यातला एक चमचा ऐवज दोन-तीन टन भरेल. पृष्ठभागावरचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे लाखपट. असा गोळा कोसळत का नाही, याचे उत्तर राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये दिले. त्या उत्तराला मर्यादा आहे, सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापर्यंतच ते चालते, हा हिशेब १९३० मध्ये मुंबई बंदरातून इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी बोटीवर सुरू केला. ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही आली आहे, म्हणून इथे तिच्यात शिरत नाही.

वर्णरेषांची गोष्ट मात्र पुस्तकांत क्वचितच येते. बहुतेक श्वेत बटूंच्या वातावरणात जवळपास नुसता हायड्रोजन असतो. हायड्रोजनच्या रेषा ठरलेल्या आहेत: ६५६.३, ४८६.१, ४३४.० नॅनोमीटर आणि पुढे जवळजवळ येत गेलेल्या. साध्या ताऱ्यात या रेषा बारीक असतात. श्वेत बटूत त्या इतक्या पसरट असतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या रेषा वाटतच नाहीत, वर्णपटात खोलगट खड्डे पडल्यासारखे दिसतात. कारण दाटी. लाखपट गुरुत्वाने दाबलेल्या वायूत प्रत्येक अणूच्या अगदी जवळून विद्युतभारित कण जात असतात. त्यांच्या विद्युतक्षेत्राने अणूच्या ऊर्जापातळ्या किंचित सरकतात, कुणाच्या इकडे, कुणाच्या तिकडे. अब्जावधी अणूंच्या सरकलेल्या रेषा एकत्र झाल्या की एक रुंद खड्डा तयार होतो. गुरुत्व जितके जास्त तितकी दाटी जास्त आणि खड्डा रुंद. म्हणून रेषेच्या नुसत्या आकारावरून ताऱ्याचे गुरुत्व सांगता येते. गुरुत्वावरून वस्तुमान, आणि वस्तुमान व तापमान मिळून तारा विझून किती काळ झाला तेही.

सॉफ्टवेअर हे काम असे करते. तापमान आणि गुरुत्व यांची एक जोडी धरायची, समजा १५ हजार केल्विन आणि पृथ्वीच्या लाखपट गुरुत्व. त्या ताऱ्याच्या वातावरणाचे एकावर एक थर कल्पायचे. प्रत्येक थरात दाब किती, तापमान किती, किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले, हे काढायचे. यातला शेवटचा हिशेब मेघनाद साहा यांच्या १९२० च्या सूत्राने होतो, आणि शंभर वर्षांनंतरही प्रत्येक प्रारूपाच्या पोटात ते सूत्र असतेच. मग तळातून निघालेला प्रकाश थराथरांतून वर येताना कुठे किती गिळला जाईल ते मोजायचे. शेवटी वर जो वर्णपट बाहेर पडेल तो झाला एक नमुना. अशा शेकडो जोड्यांचे नमुने तयार करून ठेवायचे आणि दुर्बिणीतून आलेला खरा वर्णपट त्यांच्याशी ताडून पाहायचा. जर्मनीतील डेट्लेफ कोस्टर यांची प्रारूपे जगभर वापरली जातात. इव्हान हुबेनी यांची ‘टीएलयूएसटीवाय’ ही प्रणाली १९८८ पासून संशोधकांच्या हाती आहे.

ताडून पाहण्याचे काम आता घरच्या संगणकावरही होते. २०२० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वेदांत चंद्रा आणि सहकाऱ्यांनी ‘डब्ल्यूडीटूल्स’ नावाची साधने सर्वांसाठी मोफत खुली केली. कोस्टर यांच्या प्रारूपांवरून शिकवलेले हे सॉफ्टवेअर वर्णपट दिला की तापमान आणि गुरुत्व सांगते. चंद्रा तेव्हा पदवीचे शिक्षण घेत होते. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आता अडचणीकडे येऊ. सॉफ्टवेअर उत्तर देतेच. नमुना बिघडलेला असो, बाटली चुकीची असो, पडद्यावर आकडा उमटतो आणि तोही दशांश चिन्हानंतर दोन-तीन अंकांपर्यंत. माती परीक्षणात नमुना कसा घ्यावा याच्या सूचना असतात. खताच्या ढिगाजवळून घेऊ नका, बांधालगत घेऊ नका, पाण्याच्या पाटातून घेऊ नका. यंत्र बरोबर असले तरी उकिरड्याजवळच्या मातीचा आकडा शेताचा नसतो. ताऱ्यांच्या शास्त्रात हे एकदा फार मोठ्या माणसांकडून झाले.

हिवाळ्याच्या रात्री वरूडच्या आकाशात सर्वांत तेजस्वी दिसणारा तारा म्हणजे व्याध. त्याला एक सोबती आहे, श्वेत बटू, व्याधाहून सुमारे दहा हजार पट मंद. तो असला पाहिजे हे बेसेल यांनी १८४४ मध्ये व्याधाच्या डगमगत्या चालीवरून ओळखले आणि १८६२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार इतक्या प्रबळ गुरुत्वातून निघणारा प्रकाश थकतो आणि त्याच्या रेषा तांबड्या बाजूला सरकतात. सरकण्याचे हे माप किलोमीटर प्रतिसेकंद असे सांगतात. आर्थर एडिंग्टन यांनी गणित करून सांगितले होते: सुमारे २०. माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर अॅडम्स यांनी १९२५ मध्ये मोजले आणि मिळाले २१. सिद्धांताला पुष्टी मिळाली म्हणून जगभर आनंद झाला.

खरा आकडा ८० आहे.

१९७१ मध्ये ग्रीनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजले तेव्हा ८९ मिळाले आणि २००५ मध्ये हबल दुर्बिणीने ८० दाखवले. एडिंग्टन यांच्या गणितात ताऱ्याचे तापमान फारच कमी धरलेले होते, त्यामुळे अपेक्षाच चुकीची होती. आणि अॅडम्स यांच्या नोंदीत बटूच्या प्रकाशात शेजारच्या व्याधाचा प्रकाश मिसळलेला होता. थोडक्यात, नमुना उकिरड्याजवळचा. दोन चुका एकमेकींना मिळाल्या आणि जवळजवळ पन्नास वर्षे आकडा टिकला. आमच्या बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सोडियमच्या दिव्याचा प्रयोग केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. उत्तर ५८९३ यायला हवे हे आधीच माहीत असते, आणि ते येतेच. वाचन जरा इकडेतिकडे झाले तर पुन्हा घेतले जाते. बरोबर आलेले वाचन मात्र पुन्हा कुणी घेत नाही.

दुसरी चूक बाटलीची होती आणि ती अलीकडची आहे. १९९० च्या सुमारास लक्षात आले की, सुमारे १३ हजार केल्विनच्या खाली गेलेले हायड्रोजनचे श्वेत बटू सॉफ्टवेअरला एकाएकी जड दिसू लागतात. गरम बटूंचे सरासरी वस्तुमान सूर्याच्या ०.६ पट आणि थंड झालेल्यांचे ०.७ च्या पुढे. तारा निवताना जड कसा होईल? त्यावर बरीच वर्षे तर्क लढवले गेले. वातावरणात न दिसणारा हेलियम मिसळला असेल, असाही एक तर्क होता. हवाईतील केक दुर्बिणीतून शोध घेतला, हेलियम नव्हता. अखेर २०१० नंतर पिएर-इमॅन्युएल ट्रॅम्बले आणि सहकाऱ्यांनी बाटलीच तपासली. या तापमानाला ताऱ्याचे वातावरण उकळत्या आधणासारखे खालीवर होत असते, आणि जुनी प्रारूपे ते खळखळणे एका सोप्या सूत्रात बसवत होती. त्याऐवजी उकळण्याचा प्रत्यक्ष तिन्ही मितींत हिशेब केला तेव्हा जादा वजन नाहीसे झाले. वर्णपट पहिल्यापासून बरोबर होते. वीस वर्षे हजारो ताऱ्यांच्या नावापुढे चुकीचे वजन लागत होते ते प्रारूपामुळे.

आणखी एक खोच आहे, ती विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची. हायड्रोजनच्या रेषा १३ हजार केल्विनच्या आसपास सर्वांत ठसठशीत असतात. त्याहून गरम झाले तरी त्या फिक्या होतात, थंड झाले तरी फिक्या होतात. त्यामुळे एकाच वर्णपटाला दोन उत्तरे लागू पडू शकतात, एक गरम ताऱ्याचे आणि एक थंड ताऱ्याचे. सॉफ्टवेअर जिथून शोध सुरू करील त्याच्या जवळच्या उत्तरात जाऊन बसते. कोणते खरे, हे ताऱ्याच्या रंगावरून किंवा गाया उपग्रहाने मोजलेल्या अंतरावरून माणसाने ठरवायचे असते.

हे सगळे सांभाळले तर मिळणारे फळ मोठे आहे. श्वेत बटूच्या प्रचंड गुरुत्वात जड मूलद्रव्ये वर टिकत नाहीत, बुडतात. काही ताऱ्यांत दिवसांत, काहींत लाखो वर्षांत, पण ताऱ्याच्या वयाच्या मानाने चटकनच. तरीही कितीतरी बटूंच्या वर्णपटात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह दिसते. म्हणजे ते नुकतेच बाहेरून आले आहे: जवळ भरकटलेला लघुग्रह गुरुत्वाने फाटून ताऱ्यावर पडला आहे. अशा ताऱ्याचा पहिला वर्णपट १९१७ मधला, व्हान मानेन यांच्या ताऱ्याचा. त्यातल्या कॅल्शियमच्या रेषांचा अर्थ लागायला पुढे अनेक दशके गेली. २०१३ मध्ये ‘जीडी ६१’ नावाच्या बटूबाबत केलेला हिशेब तर आमच्या जमाखर्चाच्या वहीसारखा आहे. वर्णपटातून मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह वगैरे किती ते काढले. खडकात त्यांच्याशी जोडलेला ऑक्सिजन किती असायला हवा ते वजा केले. ऑक्सिजन उरला, आणि कार्बन तर जवळपास नव्हता. मग तो उरलेला ऑक्सिजन पाण्याचा. पडलेल्या लघुग्रहाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा पाणी होते.

एवढे वाचून कुणी विचारील की, वरूडला याचे काय? इथे पाण्याची पातळी खोल चालली आहे, आंबिया बहाराचे भाव पडतात, आणि तुम्ही ताऱ्यांवरच्या पाण्याच्या गोष्टी सांगता. प्रश्न रास्त आहे. वर्णपट वाचणे हे ताऱ्यापुरते कौशल्य नाही. मातीतले जस्त, औषधाच्या गोळीची शुद्धता, फळ न कापता त्याची गोडी ओळखणारी प्रतवारीची यंत्रे, सगळीकडे प्रकाश मोजून तो एका प्रारूपाशी ताडून आकडा काढतात. अशी यंत्रे आपल्या भागात येतील तेव्हा ती चालवणारा कुणीही मिळेल. ‘हा आकडा कशावरून, नमुना कुठला, यंत्र कशाने लावून घेतले’ हे विचारणारे माणूस मात्र तयार करावे लागते. ताऱ्याचा वर्णपट त्यासाठी उत्तम शाळा आहे, कारण तिथे उत्तर कुणाच्या जर्नलमध्ये आधी लिहिलेले नसते. शिवाय त्याला खर्च नाही.

रेषेचा आकार पाहून वाद मिटवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभारली. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची प्रमुख रेषा ही मॅग्नेशियमच्या पसरट पट्ट्याची कड आहे, असे इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर सांगत होते. नायगमवाला यांनी पुण्यातून ती रेषा काटेकोरपणे तपासली आणि १८९१ मध्ये कळवले की ती धारदार आहे, पसरट नाही. लॉकियर हे त्या काळचे केवढे नाव. आज जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावर वर्णपट घेण्याचे उपकरण आहे, आणि आयुकाची स्थापनाच विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी झालेली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या झ्विकी सर्वेक्षणातून २०२३ मध्ये एक विलक्षण बटू पुढे आला. तो दर पंधरा मिनिटांनी स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या एका बाजूला हायड्रोजनच्या रेषा दिसतात, तर दुसऱ्या बाजूला हेलियमच्या. एका अर्ध्या भागासाठी बनवलेली बाटली दुसऱ्या अर्ध्या भागाला चालत नाही.

गाया उपग्रहाच्या नोंदींतून आता साडेतीन लाखांहून अधिक संभाव्य श्वेत बटूंची यादी तयार आहे. त्यातल्या बहुसंख्यांचा वर्णपट अजून कुणी सावकाश पाहिलेला नाही. अमेरिकेच्या स्लोन सर्वेक्षणाने घेतलेले हजारो वर्णपट कुणालाही उतरवून घेता येतात. मॉन्ट्रियल विद्यापीठाची श्वेत बटूंची माहितीपेढीही खुली आहे. पायथन ही संगणकाची भाषा फुकट, ताडून पाहण्याची साधने फुकट. लागतो तो एक साधा संगणक, इंटरनेट आणि दोन दुपारी.

म्हणून आमची सूचना छोटी आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अभ्यास मंडळाने पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत एक वर्णपट घालावा. सोडियमचा दिवा काढू नका, तो हवाच. हात त्याच्यावरच बसतो. त्याच्या शेजारी एका श्वेत बटूचा खरा वर्णपट ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात संशोधन प्रकल्पाला श्रेयांक आहेत. त्या प्रकल्पांसाठी विषय शोधताना मार्गदर्शकांची जी तारांबळ होते, तिलाही यातून थोडा उतारा पडेल. जॉन्स हॉपकिन्समधल्या पदवीच्या विद्यार्थ्याने जे साधन बनवले ते वापरायला वरूडच्या पदवीच्या विद्यार्थिनीला अडचण येण्याचे कारण नाही. अडचण आलीच तर ती इंग्रजीतल्या सूचनांची येईल. त्या मराठीत आणणे हे एखाद्या प्राध्यापकाच्या उन्हाळी सुट्टीचे काम आहे.

प्रात्यक्षिकाचे गुण मात्र जुन्या पद्धतीने देऊ नयेत. विद्यार्थिनीने सॉफ्टवेअरला दोन ठिकाणांहून सुरुवात करून दोन उत्तरे काढावीत, एक गरम आणि एक थंड. त्यातले एक सोडून द्यावे आणि का सोडले ते दहा ओळींत लिहावे. गुण त्या दहा ओळींना. ताऱ्याचा क्रमांक दर वर्षी बदलावा, म्हणजे मागच्या वर्षीचे जर्नल उपयोगी पडणार नाही. परीक्षकांनाही आदल्या दिवशी बसून तो तारा स्वतः पाहून यावे लागेल.